बक्कलाचे ओरखडे

"चार वेळा उलटी केली हिनं ती गिटार. माझ्या डॉक्टरनं मला एवढ्यांदा उलटंसुलटं केलं नाही," होबार्ट ओलीटाच्या कानाशी पुटपुटला. डॉयलच्या बँडमध्ये त्यानं तीस वर्षं बास वाजवला होता. कुरकुर त्याहून जुनी.

"गप बस आणि बिस्किट खा."

स्वयंपाकघरातल्या टेबलावर चादर अंथरली होती आणि तिच्यावर दोन गिटारी होत्या. गेल्या वर्षी वारलेल्या गायक डॉयल प्रुइटच्या घरातल्या. दोन्ही एकाच दिवशी नॅशव्हिलच्या एकाच दुकानातून घेतलेल्या, जुळ्या बहिणींसारख्या. त्यांतली एकच लिलावाला जायची होती. जिच्यावर डॉयलचं ते सगळ्यांच्या तोंडी असलेलं गाणं रेकॉर्ड झालं, ती. कोणती ते ठरवायला न्यूयॉर्कहून मिरियमबाई भिंग घेऊन आल्या होत्या. गाडीत मखमलीची रिकामी पेटी तयार होती.

पैशाची नड नव्हती. डॉयलची इच्छा होती. अमक्याची गिटार एवढ्या लाख डॉलरला गेली, असं पेपरात आलं की तो कात्रण काढून फ्रिजवर लावायचा. आपलीही तशी जावी, एवढं तो बायकोला, ओलीटाला, सांगून गेला होता.

ओलीटाची ना नव्हती. फक्त दुसरी जाऊ नये. दुसरी गेली तर रोज दुपारी चारनंतर हातांचं करायचं काय, हे तिला कळत नव्हतं. म्हणून तिनं सकाळीच ओरखड्यांची पुढे सरकवून ठेवली होती. लोकांना ओरखडे आवडतात, असा तिचा अंदाज.

तो बरोबरही होता. डॉयल पट्ट्याला बशीएवढं चांदीचं बक्कल लावायचा. आयुष्यात बैलावर बसला नव्हता, पण बक्कल रोडिओतलं, उधळत्या बैलांवर बसणाऱ्यांचं. चर्चला तेच, मुलाच्या लग्नात तेच, शेवटी दवाखान्याच्या गाऊनवरसुद्धा मागितलं. त्या बक्कलानं गिटारची पाठ मांजरानं ओरबाडल्यासारखी झाली होती. गाणं संपलं की तो ती उलटी करून लोकांना दाखवायचा आणि टाळ्या वाढायच्या.

"ही त्यांचीच, प्रश्नच नाही," मिरियमबाई म्हणाल्या. "पण हे फ्रेट बघा." दांडीवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवरून त्यांनी नख फिरवलं. "पंचेचाळीस वर्षांत फक्त डोक्याकडच्या तीन झिजल्यात. पुढच्या कोऱ्या. मिस ओलीटा, त्या गाण्याच्या सुरुवातीला बोटं पार गिटारच्या पोटापर्यंत उतरतात. इथं कुणाचं बोट पोचलेलंच नाही."

ओलीटानं सगळ्यांच्या ग्लासात गोड चहा ओतला. भरलेल्या ग्लासांतही ओतला.

बाईंनी दुसरी उचलली. तिचे फ्रेट जुन्या पायरीसारखे खोलगट झाले होते, अगदी पोटापर्यंत. पाठ मात्र अशी, की बाईंना तिच्यात स्वतःचा चेहरा दिसला.

"म्हणजे वाजवली ही," त्या हळूच म्हणाल्या. "मग बक्कल कुठे गेलं?"

"घरी काढत असेल," होबार्ट म्हणाला.

"झोपतानाच काढायचा," ओलीटाच्या तोंडून गेलं.

"मग मध्ये टॉवेल धरत असेल."

"डॉयल? टॉवेल?" ओलीटा म्हणाली, आणि आपण कुणाची बाजू घेतोय ते तिलाच कळेना. होबार्टनं बिस्किटात तोंड घातलं.

मोरीपाशी लिंडन उभा होता, तिचा मुलगा. पन्नाशीचा, बापासारखाच उंच. सकाळपासून त्याचं एकच वाक्य. तेच त्यानं पुन्हा म्हटलं, "बाबांची ती ओरखड्यांची."

"तुमचं खरं असेल, पण मी पुरती गोंधळलेय," बाई म्हणाल्या. "जी मिरवली ती वाजवलेली नाही. जिनं आवाज दिला तिला कुणी स्टेजवर नेलं नाही. बरं, करारात 'रेकॉर्डवर वाजलेली' असं लिहिलंय आणि खाली तुमची सही आहे. मला हीच न्यावी लागेल."

त्या उचलायला वाकल्या तसा ओलीटाचा डावा हात दांडीवर पडला. बोटं आपापल्या खळग्यांत जाऊन बसली. तिनं ती चटका बसल्यासारखी काढून घेतली आणि पदर नसलेल्या बाया पुसतात तसे ॲप्रनला हात पुसले.

तोंड उघडलं तर गिटार डॉयलची ठरत नव्हती आणि घरात राहत होती. पण मग हायवेवरच्या पुलाला दिलेलं नाव, तो पुतळा, पुतळ्याच्या हातातली गिटार, सगळ्याचं काय करायचं? ते एक वेळ जाऊ दे. लिंडननं लहानपणी पलंगाच्या वर बापाचा फोटो लावला होता, गिटारसकट. तो फोटो तिनं आजवर सांभाळला होता. आता या वयात काढायचा?

"न्या," ती म्हणाली.

होबार्ट उठला, बसला. "ओलीटा, अगं..." म्हणाला.

लिंडननं मिरियमबाईंच्या हातातून गिटार घेतली. हिसकावली नाही, झोपलेलं मूल घेतात तशी घेतली आणि आईच्या मांडीवर ठेवली.

"स्टुडिओत मी पियानोखाली झोपलो होतो, असं तुम्हा दोघांना वाटत होतं," तो आईला म्हणाला. "चार वर्षांचा होतो. झोप येत नव्हती. गिटारवर ताल धरणारा पाय बाबांच्या बुटातला नव्हता गं."

ओलीटाची बोटं पुन्हा खळग्यांत जाऊन बसली. मग तो बाईंकडे वळला.

"ओरखड्यांची न्या, मॅडम, नाहीतर काहीच नेऊ नका. आणि तुमच्या त्या लिलावाच्या पुस्तकात नीट लिहा. त्या गाण्यात बाबा फक्त गातात. वाजवते ती आई."