गॉगलचं माप

कुसगावच्या बाजारात अमृतनं सहा वर्षांच्या लेकीसाठी गुलाबी गॉगल उचलला. "एक नंबर मोठा द्या, मावशी. वाढतं अंग हाय." दुकानदारीण हसली. "भाऊ, गॉगल म्हंजे फ्रॉक न्हाई. सैल झाला की घसरतो, पोरं फेकून देत्यात. नाक कसंय तिचं, बसकं का उभं?" अमृतला सांगता येईना. "आईवर गेलीय," तो म्हणाला. "मग आईलाच आणा. तिच्या नाकावर बघू." "ती वारली. वर्ष झालं." मावशीनं गॉगल परत टांगला. "पोरीलाच आणा, भाऊ." अमृत घरी गेला. आईचाच चेहरा म्हणून वर्षभर त्यानं लेकीकडं समोरून बघणं टाळलं होतं. वेणी पाठीमागून घालायचा, गाडीवर पुढं टाकीवर बसवायचा. आज हनुवटी धरून तिचं तोंड वर केलं. नाकावर जुना व्रण होता. "कवा लागलं?" "पावसाळ्यात, पप्पा. तुमाला दाखवायला आलते मी."