मान हलता कामा नये

"दार तेवढंच उघडं आहे. आत कोण शिरतंय?" अण्णांनी विचारले.

मोटार वळणावरचा कठडा तोडून उतारावर उलटी पडली होती. चाके आकाशाकडे, टप जमिनीत रुतलेला. डावीकडचे दार बिजागरीतून निखळून लोंबत होते आणि भोवती कमरेएवढे गवत माजले होते. पेट्रोलचा वास येताच अग्निशमन तुकडीचे प्रमुख असलेल्या अण्णांनी बघ्यांना वर पिटाळले आणि कठड्याला दोर बांधून टाकला. कुणी म्हणून खाली फिरकायचे नाही.

"मी जातो," जवान म्हणाला. तुकडीत सर्वांत सडपातळ तोच होता.

या कामाला त्यांच्यात 'डोके धरणे' म्हणत. एकाने आत शिरून जखमीच्या मागे बसायचे, त्याचे डोके दोन्ही तळव्यांत घट्ट धरायचे, आणि तो स्ट्रेचरवर बांधला जाईपर्यंत काही झाले तरी सोडायचे नाही. नाव काय, दुखते कुठे, बरोबर कोण, ही विचारपूसही त्यानेच करायची; पत्रा कापणाऱ्या यंत्राच्या घरघरीत जखमीचे बोलणे दुसऱ्या कुणाला ऐकूच येत नसे.

जवान काचांवरून सरपटत आत गेला. चालक पट्ट्याला उलटा लोंबकळत होता. जवानाने मागच्या बाजूने त्याचे डोके धरले, आणि मग तडकलेल्या आरशात त्याला तो चेहरा दिसला.

ड्रॉइंगवाला!

जवानाची बायको ज्या शाळेत शिकवत असे, तिथला हा चित्रकलेचा शिक्षक. वर्षभर घरात त्याच्या नावाचा जप चालला होता. सर असे म्हणाले, सरांनी तसे केले. स्नेहसंमेलनात त्याने काढलेले तिचे चित्र चौकट करून बैठकीत लागले होते, आणि ते लावायला खिळा ठोकला होता तो जवानानेच.

"सर चहाचा कपसुद्धा स्वतः विसळतात," ती काल रात्री म्हणाली होती.

"मग त्याच्याकडेच जाऊन राहा की. कप आयते विसळलेले मिळतील."

"अहो, काहीतरीच तुमचं!" असे म्हणून ती हसली होती. तिने भांडण केले असते तर त्याला झोप लागली असती. ती हसली, हेच त्याला सलत राहिले.

आज शाळेला सुट्टी होती. सकाळी ती बसने थोरल्या बहिणीकडे जायला निघाली होती. बहिणीच्या गावाला जाणारा रस्ता हाच. आणि याच रस्त्यावर, इस्त्रीचा सदरा घालून, हा गृहस्थ! त्याने तिला तिथे गाठायचे ठरवले होते, हे आता जवानाला कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

शिक्षकाचे डोळे उघडले. आरशात त्यानेही ओळखले.

"भाऊसाहेब... तुम्ही? वहिनी—"

वहिनी म्हणे! जवानाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बोलू नका. मान हलेल."

"अहो, पण वहिनींना—"

"एक अक्षर नाही! मान हलता कामा नये."

खिडकीतून त्याच्या जोडीदाराने, ज्याला सारे जाड्या म्हणत, तोंड घातले. "काय म्हणतोय रे पाहुणा?"

"बरळतोय. ऑक्सिजनचा मास्क लाव त्याला. घट्ट."

नाव जवानाला ठाऊक होते, दुखत कुठे होते ते दिसत होते, आणि आणखी काही ऐकून घेण्याची त्याची तयारी नव्हती. बायकोचे नाव या माणसाच्या तोंडून जाड्याच्या कानावर गेले असते, तर संध्याकाळपर्यंत ते साऱ्या तुकडीत फिरले असते.

"आत अजून कोणी आहे का रे?" वरून अण्णांची हाक आली.

"नाही. एकटाच आहे!"

यंत्र घरघरू लागले. शिक्षक मास्कच्या आत काहीतरी पुटपुटत होता. त्याच्या डोळ्यांतले पाणी उलटे कपाळाकडे ओघळत होते. तो जवानाची बाही पुन्हापुन्हा ओढून उघड्या दाराकडे बोट दाखवू लागला.

"काढतोच आहे बाहेर," जवान दात आवळून म्हणाला. "इतकी घाई कुठं पोचायची?"

ती मान त्याच्या तळव्यांत होती. तळवे क्षणभर ढिले पडले असते तरी कुणी त्याला बोल लावला नसता. तो विचार आला, थबकला, आणि जवानाने त्याला मनातून निग्रहाने हाकलून दिले. पत्रा फाटला, पट्टा कापला गेला, जखमी अलगद फळीवर आला. मान केसभरही हलली नव्हती.

"शाबास रे पठ्ठ्या!" अण्णा म्हणाले. "चला, आवरा. क्रेन येईपर्यंत दोर तसाच राहू द्या."

जवान जखमीबरोबर चढला आणि रुग्णवाहिका निघाली. डोके आता पट्ट्यांनी जखडले होते. जवानाचे हात मोकळे झाले. त्याने बायकोला फोन लावला. घंटी वाजत राहिली. नवऱ्याचा फोन उचलायला आज सवड नाही तर! तरीही त्याला स्वतःचा मोठा अभिमान वाटला. तिला काय सांगायचे ते त्याने जुळवून ठेवले: तुझ्या सरांना मी जिवंत आणलं आहे, पुढचं तुझं तू ठरव.

रुग्णालयाच्या दारात डॉक्टरने तपासण्यासाठी मास्क बाजूला केला. शिक्षकाने जवानाचे मनगट पकडले.

"भाऊसाहेब, बस चुकली म्हणून वहिनी स्टँडवर उभ्या होत्या, मीच त्यांना गाडीत घेतलं. कठडा तुटला तेव्हा त्या दारातून गवतात फेकल्या गेल्या. त्यांना माझ्याआधी काढलंत ना?"