दुर्बिणीचा लाल दिवा

लाल दिवा काही लागेना.

राजसीनं बटण खाली केलं, वर केलं, पुन्हा खाली केलं. दुर्बिणीखालचं मोटरवालं धूड मख्ख बसून होतं. हातातल्या रिमोटची काच काळी ती काळीच. बेलवलीतल्या त्या चार मजली इमारतीच्या गच्चीवर कोजागिरीला जमलेली बिऱ्हाडं आधी कौतुकानं बघत होती, मग नुसती बघत होती, आणि आता काहींनी दुधाच्या पातेल्याकडे मान वळवली होती. राजसी गेला आठवडाभर एकेका दारात जाऊन सगळ्यांना सांगून आली होती, चंद्र दाखवते, शनी दाखवते, नक्की या.

नूतनबाई राजसीच्या मागेच उभ्या होत्या. राजसी त्यांची सून, लग्नाला आठ महिने झालेले. सुनेपेक्षा तिच्या दुर्बिणीलाच घरात जास्त जागा लागते, असं त्या चारचौघींत बोलून गेल्या होत्या. शनीचं नाव ऐकल्यावर तर, "त्याला कोणी मुद्दाम बोलावतं का घरी?" असंही म्हणाल्या होत्या. बोलायची घाई त्यांना जन्मापासूनच. आज मात्र तोंड उघडवत नव्हतं.

कारण दसऱ्याच्या दिवशी, राजसी कामावर गेल्यावर, त्यांनी विळी, कात्री, शिवणयंत्र आणि मुलाची बाईक यांच्या ओळीत दुर्बिणीचीही पूजा केली होती. तिपाईच्या पायाला कुंकवाचं बोट, वर झेंडूचं फूल आणि चिमूटभर अक्षता. संध्याकाळी फूल गुपचूप उचललं आणि कुणाला बोलल्या नाहीत. जिला आठ महिने नावं ठेवली तिचीच पूजा केली, हे सांगायची त्यांना लाज वाटली. राजसी ती दुर्बीण रोज मऊ फडक्यानं स्वतः पुसायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. आता आपल्या हातूनच बिघडली असेल तर?

"अॅडॉप्टर ओके आहे, वहिनी," समीर म्हणाला. तो तळमजल्यावर राहणारा. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये त्याचं इन्व्हर्टर दुरुस्तीचं दुकान होतं. त्यानं मीटरची टोकं वायरच्या पिनेला लावून दाखवली. "बारा व्होल्ट फुल येतंय. म्हंजे आतला बोर्ड उडाला."

"असा कसा उडेल?" राजसी म्हणाली. "दसऱ्याच्या आदल्या दिवशी चालू होती."

"इलेक्ट्रॉनिक आयटम आहे, कभी भी जाता है. खोलतो, बोर्डाला डायरेक्ट सप्लाय मारून बघतो. चालला तर चालला."

"आणि जळला तर?"

"तर काय, तसा पण गेलाच आहे ना."

"मग राहू दे गं, हातानं फिरवून दाखव," मागून कोणीतरी म्हणालं.

"हातानं नाही फिरत ही, काकू. आतले दाते तुटतात."

"मग आटपा लवकर, दूध आटून खवा व्हायला आलाय!"

गच्ची हसली. राजसीही हसली, पण नूतनबाईंना ती मान वळवून चंद्राकडे बघताना दिसली. चंद्र पाण्याच्या टाकीवर चांगला हातभर चढला होता. राजसीनं शेवटचं म्हणून वायर काढून पुन्हा खोचली, बटण दाबलं, आणि मग बाजूला झाली.

"खोल," ती समीरला म्हणाली.

समीरनं स्क्रू ड्रायव्हर काढला. त्याच्या मोबाइलच्या उजेडात नूतनबाईंना पिन दिसली. ती अर्धीच आत गेली होती. तीस वर्षं त्यांनी ब्लाउज शिवले होते. बॉबिन नीट बसली नसेल तर यंत्राला शिव्या देऊन उपयोग नसतो, एवढं त्यांना कळत होतं. आणि त्यांना आठवलं, आपण फूल उचललं, अक्षता कुठे गोळा केल्या?

बोलावं तर सगळ्या इमारतीसमोर. सून काय समजेल? शनी नको होता म्हणून सासूनं डाव साधला. समीरनं पहिला स्क्रू काढून तळहातावर घेतला. दुसऱ्यावर टोक टेकवलं.

"थांब रे!"

आवाज त्यांना हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. सगळे वळले.

"ती वायर काढ आधी. उजेड धर इकडे."

त्या गुडघ्यांवर बसल्या. बांगडीला अडकवलेली सेफ्टीपिन काढली आणि तिचं टोक वायर खोचायच्या भोकात घालून हलकेच फिरवलं. एकदा, दोनदा. काहीतरी सुटून त्यांच्या तळहातावर पडलं. तांदळाचा एक दाणा होता, कुंकवानं लाल झालेला.

"दसऱ्याला मी पूजा केली होती हिची," त्या म्हणाल्या. "मुद्दाम नाही गं केलं, राजसी."

राजसीनं वायर घेतली आणि खोचली. या वेळी पिन टक् करून पार आत बसली. लाल दिवा लागला. रिमोटवर अक्षरं उमटली, दुर्बीण घुर्र करत चंद्राकडे वळली, आणि दुधाभोवतीची पोरं ओरडत रांगेला धावली. समीरनं गुपचूप स्क्रू परत बसवायला घेतला.

नूतनबाई कठड्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. डोळे भरून आले होते, ते पदरानं पुसावेत की नाही हे त्यांना ठरवता येईना.

"आई, इकडे या."

राजसीनं त्यांना दुर्बिणीपाशी नेलं, पण डोळा लावायला सांगितलं नाही. खाली वाकून तिनं टॉर्च तिपाईच्या पायावर धरला. पुसून पुसून काळा पाय लखलखत होता. फक्त एका जागी, बोटाएवढं कुंकू तसंच होतं.

"दुसऱ्या दिवशीच दिसलं होतं मला," राजसी म्हणाली. "रोज पुसते, पण तेवढं सोडून."