थोरल्या साहेबांच्या फोटोंचा फुगा

"कुणाचा विश्वास बसणार नाही, म्हणून तर सांगतोय," सलूनच्या बाकावर टेकता टेकता पुडीकाका म्हणाले. "आमची पोरगी तुरुंगातून पळाली. फुग्यात बसून."

खुर्चीत काकांचे वकील दाढीला बसले होते. सलग तिसऱ्या दिवशी. न्हाव्यानं त्यांच्या गालावरचा वस्तरा उचलला आणि बाकाकडे पाहिलं. बाक भरला होता. काकांना खेटून सरकारचा पाळतीवरचा माणूस बसला होता, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. काकांच्या मागे मागे तो इतक्यांदा इथे आला होता की डोक्यावर कापण्यासारखं काही उरलं नव्हतं. सगळे त्याला अदबीनं 'साहेब' म्हणायचे आणि आपल्याला कुणी ओळखलेलं नाही, अशी त्याची खात्री होती.

थापा मारणं हे काकांचं जुनंच व्यसन. लेक मात्र बापावर गेली नाही. तिनं वर्तमानपत्र काढलं, त्यात खरं छापलं आणि एका दुपारी छापखान्याला सील लागलं. तिला गाडीत कोंबून नेताना अख्ख्या गल्लीनं पाहिलं. सकाळी सरकारी पेपरात आलं की संपादकबाई हवापालटासाठी परदेशी गेल्या. काकांनी तुरुंगामागून तुरुंग पालथे घातले. सगळीकडे एकच उत्तर: अशी बाई इथे नाही. वकिलांचा अर्जही कोर्टातून परत आला. ती कुठे आहे ते सांगा, सांगणारा माणूस दाखवा, मग बघू. पोरगी जिवंत आहे की नाही, एवढंही काकांना कुणी सांगत नव्हतं.

"फुगा कुठून आणला, काका?" न्हाव्यानं विचारलं.

"कागदाचा केला. शिक्षा म्हणून तिला रोज सरकारी पेपर वाचायला द्यायचे. तिनं ते तुरुंगातल्या लापशीनं एकमेकांना चिकटवले. त्या लापशीचा दुसरा उपयोग नाहीच."

"आणि हवा?" वकील फेसातून बोलले.

"भरावीच लागली नाही. पहिल्या पानावर थोरल्या साहेबांचं भाषण होतं!"

बाकावरची माणसं आपापल्या चपलांकडे बघून हसली.

"पहारेकऱ्यांनी गोळ्या नाही झाडल्या?" बाकावरून कुणीतरी विचारलं.

"कशा झाडणार? पानापानावर थोरल्या साहेबांचा फोटो! भोक पाडणाऱ्याची खैर होती का? सगळ्यांनी खाडकन सलाम ठोकला. फुगा दिसेनासा होईपर्यंत हात कपाळाला. एकाचा म्हणे अजून खाली येत नाहीये."

न्हाव्यानं वस्तरा बाजूला ठेवला, नाहीतर वकिलांचा कान गेला असता. पाळतीवरच्या माणसानंही गाल आतून चावला. काकांनी त्याच्याकडे तिरकं पाहिलं. काल भुयाराची पुडी वाया गेली होती, परवा नदीची. आज निदान गाल हलला.

"पण काका," न्हावी म्हणाला, "कोठडीला कुलूप असेल की."

"तीच तर गंमत." काका सावकाश चष्मा पुसू लागले. "कुलूप लावायचं राहूनच गेलं. ज्याच्याकडे ते काम होतं ना, तो एक नंबरचा वेंधळा. बायकोसुद्धा घराची किल्ली त्याच्या हातात देत नाही म्हणे. बाजारात सगळे त्यालाच हसताहेत. आज ना उद्या थोरल्या साहेबांच्या कानावर जाणार. गेली बिचाऱ्याची नोकरी."

पाळतीवरचा माणूस ताडकन उठला. कानाच्या पाळ्या लालबुंद.

"साफ खोटं!" तो ओरडला. "टेकडीवरच्या जुन्या तुरुंगात आहे ती, मागच्या कोठडीत! आज सकाळीच मी स्वतः कुलूप ओढून बघितलंय, आणि तेवढ्यात आतून चार शिव्याही हासडल्या तिनं मला!"