बीच हाऊसचं फिटिंग

"करीमचाचा, खुर्ची अजून नवीनच दिसतेय," इंटिरियर डिझाइनर आरोही म्हणाली. "समुद्रानं वर्षानुवर्षं घासल्यासारखी वाटायला हवी."

करीमनं पुन्हा तारेचा ब्रश उचलला. आयुष्यभर त्यानं लाकूड गुळगुळीत केलं होतं. आता सोलापूरच्या उन्हात बसून तो धडधाकट बाभळीला म्हातारं करत होता. मिठाचं पाणी मारायचं, वाळवायचं, घासायचं. आरोही रोज यायची आणि म्हणायची, अजून थोडं थकलेलं दिसू दे.

"थकलेलंच पायजे तर मलाच ठेवा की कोपऱ्यात."

तिनं खरंच क्षणभर विचार केला.

तरी करीमनं काम सोडलं नाही. काम बीच हाऊसचं होतं. फिटिंग जागेवर जाऊन करायचं होतं आणि मालक फोनवर म्हणाले होते, घरच्यांनाही आणा. लग्न झाल्यापासून अकबरी समुद्र बघायचा म्हणत होती आणि तो पुढच्या वर्षी म्हणत होता. यंदा तो हो म्हणून बसला होता. तिनं शेजारपाजारी सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं.

सामान टेम्पोत चढलं. समुद्र पश्चिमेला असतो एवढं करीमला माहीत होतं. टेम्पो मात्र पूर्वेकडं, अक्कलकोटच्या रस्त्याला लागला. सिदू ड्रायव्हरला जवळचा रस्ता ठाऊक असेल, असं त्यानं धरलं.

दुधनीच्या अलीकडं टेम्पो एका शेतात शिरला. तुरीच्या मधोमध वाळूचा ढीग पसरलेला. वाळूत घर. प्लास्टिकच्या पिंपात नारळाची झाडं.

"समंदर किदर है जी?" अकबरीनं विचारलं.

मालक चनबसप्पांना प्रश्नच कळला नाही. "लग्नाआधीच्या फोटोसाठी बांधलंय ओ हे. पोरं-पोरी हितं बसत्यात. समुद्र मागनं कॉम्प्युटरवर टाकत्यात की."

करीमनं खुर्च्या उतरवल्या, वाळूत मांडल्या आणि एकीवर बसून राहिला. आरोहीला हवी होती तशीच दिसत होती खुर्ची. तोही.

चनबसप्पांना वाईट वाटलं असावं. त्यांनी मोबाइल काढला. "वैनी, तुमी बी बसा. पहिला फोटो तुमचाच. समुद्र संध्याकाळपर्यंत पाठवतो."

करीमला अकबरीकडं बघवेना.

तिनं चपला काढून बाजूला ठेवल्या. त्याच्या शेजारी बसली. साडी घोट्याच्या वर धरली आणि हळूच म्हणाली, "पँट ऊपर लेव जी. भीग जाती."