गूळ, जायफळ आणि शिकरण

शशिधरने ग्लास नाकाशी नेला, डोळे मिटले, आणि खोलीतले सगळे गप्प झाले. त्याला कशाचाच वास आला नाही.

नाकपुड्यांना चरचरलं, तेवढंच. ते तर इंजेक्शनच्या आधी लावतात त्या स्पिरिटनेही चरचरलं असतं. त्याने ग्लास हलवला आणि पुन्हा हुंगल्यासारखं केलं. समोर कमलाकर पुढे झुकून बसला होता. दोघांनी ग्लासगोच्या एकाच हॉस्पिटलात डॉक्टरकी केली, एकत्रच रिटायर झाले, आणि शशिधरच्या नाकाने पास केल्याशिवाय कमलाकर आजही व्हिस्कीची एक बाटली विकत घेत नसे.

“काका, सांगा ना,” अनुप म्हणाला. हा पुण्याचा पोरगा, इथे ग्लासगोतल्या बँकेत सॉफ्टवेअरमध्ये होता, आणि ऑफिसच्या कामाने अमेरिकेला गेला तिथून ही बर्बन, म्हणजे अमेरिकन व्हिस्की, घेऊन आला होता. “बॅरल प्रूफ आहे. पिंपातून डायरेक्ट बाटलीत, पाण्याचा थेंब घातलेला नाही. लिमिटेड रिलीज, सो नेटवर पण एक रिव्ह्यू नाहीये. तुम्हीच पहिले!”

नेमकी तीच तर पंचाईत होती. दोन हजार सहाच्या जानेवारीत शशिधर एका कार पार्कमध्ये बर्फावरून घसरून पडला. डोक्याला मागे टेंगूळ आलं, स्कॅन स्वच्छ निघाला, पण वास गेला तो गेलाच. तो परत येणार नाही, हे कळण्याइतका तो डॉक्टर होता. त्याने कोणालाच सांगितलं नाही. मित्रांनी कीव केली असती आणि या शुक्रवारच्या बैठका बंद पडल्या असत्या. बायकोला, सुमनला तर मुळीच नाही. ती दोन्ही वेळेला एवढ्या मायेने रांधायची. तिला कोणत्या तोंडाने सांगणार की मला आता सगळं सारखंच लागतं? तसं वर्षभर निभावलंही. ओळखीच्या स्कॉचचे वास तो पाढे म्हणावेत तसे आठवणीतून म्हणून दाखवायचा. पण ही बर्बन त्याने जन्मात चाखली नव्हती. आज बिंग फुटणार होतं.

“पाणी लागेल हिला थोडं,” तो म्हणाला. तेवढीच उसंत.

“द्या इकडे, मी घालून आणते,” म्हणत सुमन स्वयंपाकघरातून आली. या बैठकीत ती भज्यांची ताटली ठेवण्यापुरती डोकावायची. दारूचा थेंब तोंडाला लावताना तिला कोणी कधी पाहिलं नव्हतं. कमलाकरने आग्रह केला की ती हसून हात जोडायची आणि आत पळायची.

ती परत आली तेव्हा तिचा चेहरा लालबुंद झाला होता आणि डोळ्यांत पाणी होतं. ग्लास हातात देताना ती शशिधरच्या कानाशी वाकली.

“गूळ,” ती पुटपुटली. “करपायच्या आत उतरवलेला. मग जायफळ. पाणी घातल्यावर शिकरण.”

शशिधर तिच्याकडे बघतच राहिला. हिने ही घेतली? आणि मुळात हिला माहीत आहे?

“बोल की लेका!” कमलाकर म्हणाला.

“गूळ,” शशिधर म्हणाला. “करपायच्या आत उतरवलेला.”

“वा!” कमलाकरने मांडीवर थाप मारली.

किती सोपं होतं. आणखी दोन शब्द, की लाज राहिली. पण दारात सुमन ओढणी तोंडावर धरून खोकला दाबत उभी होती. तो जाळ तिने त्याच्यासाठी घशाखाली उतरवला होता. शशिधरला भरून आलं. तिच्या शब्दांवर आपण शाबासकी घ्यायची, हे त्याच्याने होईना.

“हे मी सांगत नाहीये,” ग्लास खाली ठेवत तो म्हणाला. “मला वर्षभर कशाचाच वास येत नाही, कमलाकर. हे सुमनने चाखून सांगितलं.”

कमलाकर उठला. चालला वाटतं, असं शशिधरला वाटलं. पण त्याने आपली खुर्ची उचलून शशिधरच्या शेजारी आणून ठेवली.

“गाढवा,” तो म्हणाला. “एवढं एकटाच सोसत बसलास?” मग तो दाराकडे वळला. “वहिनी, या. बसा इथे.”

सुमन अवघडून खुर्चीच्या कडेला टेकली.

“तुला कधी कळलं?” शशिधरने विचारलं.

“तुम्ही पडलात त्याच महिन्यात. माझी फोडणी जळली होती, आणि तुम्ही आत येऊन म्हणालात, काय छान वास सुटलाय!” ती हसली. “पण तुम्हाला सांगायचं नव्हतं ना. मग मीही विचारलं नाही.”

शशिधरने ग्लास उचलून तिच्यापुढे धरला. ती लाजली, पण तिने एक छोटा घोट घेतला. मग त्याने घेतला, आणि ती हळूहळू सांगू लागली. आधी गूळ. आता नवं लाकडी कपाट उघडल्यासारखं. थांबा, गिळू नका, आता संत्र्याचं साल. वास आला नाही, येणारही नव्हता. पण ती शिकरण म्हणाली आणि त्याला ती समोर दिसली, वाटीत काठोकाठ. त्याने घोट जिभेवर तसाच धरून ठेवला. वर्षभरात पहिल्यांदा त्याला पिताना मजा येत होती.

अनुप तोंडाचा आ करून ऐकत होता. “काकू, पहिल्याच घोटात एवढं सगळं? हाऊ?”

“पहिला कुठला!” सुमन म्हणाली. ती बघत होती मात्र नवऱ्याकडे. “तुमच्या कपाटातली एकेक बाटली वर्षभर चमच्याचमच्याने चाखून शिकतेय. म्हटलं, कधीतरी मला विचाराल.”