भिजत घातलेले डोळे

विज्ञानाच्या बाई जाता जाता म्हणाल्या, "मामा, उद्या नववीला डोळा कापून दाखवायचाय. मेंढीचे डोळे आजच भिजत घाला, नाहीतर पोरं औषधाच्या वासानं नाकं मुरडतील."

प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या मामांनी बरणीतले डोळे ट्रेमधल्या पाण्यात सोडले आणि समोरच्या बाकावर डबा घेऊन बसले. बायको गेल्यापासून ते इथंच जेवत. घरच्या भिंतींपेक्षा ही मंडळी बरी, निदान बघतात तरी.

आज मात्र एकही डोळा त्यांच्याकडे बघत नव्हता. सगळ्यांचा रोख त्यांच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे होता.

"म्हणजे तुम्हीही पाठ फिरवलीत?" मामा हसले. त्यांनी ट्रे उलट दिशेला फिरवून ठेवला. पाणी स्थिरावलं, तसे डोळे वळले आणि पुन्हा तिथंच खिळले.

मग मामा स्वतःच सरकून त्या जागेवर बसले. डोळे हळूहळू फिरले, आणि मामांनी नुकतीच सोडलेली जागा बघू लागले.

तिकडे मान वळवायचा त्यांना धीर होईना. बाक किंचित करकरला.

मग त्यांनी डबा उचलला आणि दोघांच्या मधोमध ठेवला.